इंडेक्स नोटेशन: बेरीज कुठल्या इंडेक्सवर आहे आणि कुठल्यावर नाही हे बघताक्षणी कसं कळायचं?

पहिलंवर्ष_पुणे:

नमस्कार. पुण्यात एमएस्सी फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. बीएस्सीपर्यंत सगळं बाणवाले व्हेक्टर, डॉट, क्रॉस, ग्रॅड, डाइव्ह, कर्ल असंच केलं आणि आयडेंटिट्या सरळ पाठ केल्या. आता मॅथेमॅटिकल मेथड्स आणि क्लासिकल मेकॅनिक्स दोन्ही पेपरांत एकदमच इंडेक्स नोटेशन सुरू झालंय, फळ्यावर सिग्मा कुठेच नसतो आणि तरी बेरीज चालू असते, आणि मी वहीत उतरवून घेईपर्यंत सरांनी दोन इंडेक्सची नावं बदललेली असतात.

फोनवर मराठी कीबोर्डच आहे म्हणून आय जे के ऐवजी क ख ग घ च हे इंडेक्स लिहितो, व्हेक्टर अ ब स द, क्रोनेकर डेल्टा म्हणजे डे_कख आणि लेव्ही-चिव्हिटाचा एप्सिलॉन म्हणजे एप्स_कखग. उत्तर देणाऱ्यांनीही हेच वापरलं तर सोपं जाईल.

अ_क ब_क म्हणजे डॉट प्रॉडक्ट इथपर्यंत कळलं. मग (अ·ब) चा वर्ग अ_क ब_क अ_क ब_क असा का नाही लिहायचा, शेवटी बेरीजच तर आहे ना? दुसरं, डे_कक ची किंमत १ का ३? कारण दोन इंडेक्स सारखे असले की डेल्टा १, हीच व्याख्या आहे. तिसरं, दोन एप्सिलॉनच्या गुणाकाराचं ते डेल्टावालं सूत्र पाठ करून नक्की मिळतं काय, बॅक-कॅब रूल, म्हणजे अ×(ब×स) = ब (अ·स) − स (अ·ब), तर मला तसाही पाठ आहे. आणि शेवटचं, काही पुस्तकांत इंडेक्स सगळे खाली असतात, काहींत काही वर काही खाली, तर कधी कुठलं वापरायचं हे ठरतं कशावर?

वर्गातले सगळे म्हणतात करत राहा, सवय होते. पण सवय व्हायच्या आधी कारण कळलं तर मला जास्त बरं वाटेल.

टेकडीवरून_आकाश:

कारण विचारतोयस हे फार चांगलं आहे, कारण या नोटेशनमध्ये प्रत्येक नियमाला कारण आहे आणि ते कळलं की पाठांतर जवळजवळ संपतं. मी पीएचडी करतोय, विद्यापीठाच्याच आवारात, आणि रोजचं काम याच्यावरच चालतं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे.

आधी नियम. एका टर्ममध्ये, म्हणजे अधिक-उणेच्या दोन चिन्हांमधला जो सगळा गुणाकार असतो त्याच्यात, एखादा इंडेक्स एकदा आला तर तो फ्री. दोनदा आला तर डमी, त्याच्यावर १ ते ३ बेरीज आहे असं समजायचं. तीनदा किंवा चारदा आला तर ती ओळच चुकलीये, पुढे जायचं नाही, मागे जाऊन बघायचं. आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक टर्ममध्ये, फ्री इंडेक्स तेच आणि तेवढेच असले पाहिजेत. डावीकडे क फ्री असेल आणि उजवीकडच्या दुसऱ्या टर्ममध्ये ख फ्री असेल तर आकडेमोड न बघताच सांगता येतं की गडबड आहे. मला या नोटेशनचं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे, की डोळे फिरवून ओळ तपासता येते. बाणांच्या नोटेशनमध्ये स्केलर आणि व्हेक्टरची बेरीज चुकून लिहिली जाते आणि कळतही नाही, इथे ती दिसते.

आता तुझा वर्गाचा प्रश्न. अ = (१, २) आणि ब = (३, ४) घे, दोनच कंपोनंट, सोपं पडतं. अ·ब = ३ + ८ = ११, वर्ग १२१. तू लिहिलंयस अ_क ब_क अ_क ब_क, त्यात क एकच, म्हणजे क ला १ दिलं की चारही ठिकाणी १, २ दिलं की चारही ठिकाणी २. बेरीज ३ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग, ९ + ६४ = ७३. कुठे १२१ आणि कुठे ७३. वर्ग म्हणजे दोन वेगवेगळ्या बेरजांचा गुणाकार, पहिली बेरीज कुठल्या कंपोनंटवर आहे हे दुसरीला माहीतच नसतं, म्हणून दुसरीला स्वतःचा इंडेक्स द्यायचा: अ_क ब_क अ_ख ब_ख. सर नावं बदलतात ती यासाठी. दोन एक्स्प्रेशनांचा गुणाकार करायच्या आधी दुसऱ्यातले सगळे डमी बदलून घ्यायचे, ही एक गोष्ट हाताला लावून घेतलीस की निम्मी लढाई जिंकलीस.

डे_कक = ३. तू म्हणतोस ती व्याख्या बरोबर आहे, पण ती डे_११ ला लागते, डे_२२ ला लागते, डे_३३ ला लागते, प्रत्येकी १. डे_कक मध्ये क दोनदा आलाय म्हणजे या तिघांची बेरीज. चार मिती असत्या तर ४ आलं असतं.

आणि डेल्टाचं खरं काम लक्षात घे, तो इंडेक्सचं नाव बदलतो. डे_कख अ_ख म्हटलं की ख वरची बेरीज फक्त ख = क असतानाच उरते, म्हणून उत्तर अ_क. डेल्टा दिसला की त्यातला डमी शोधायचा, समोरच्याला दुसरा इंडेक्स द्यायचा आणि डेल्टा खोडायचा.

आता एप्सिलॉन. २७ कंपोनंट, त्यातले फक्त ६ शून्य नसलेले, तीन अधिक १ (१२३ आणि ते चक्राकार फिरवून येणारे) आणि तीन उणे १ (उलट्या क्रमाचे); कुठलेही दोन इंडेक्स सारखे असले की शून्य. क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे (अ×ब)_क = एप्स_कखग अ_ख ब_ग. तुझं सूत्र असं आहे:

एप्स_कखग एप्स_कघच = डे_खघ डे_गच − डे_खच डे_गघ

हे पाठ करू नको, बघ. डावीकडे क वर बेरीज आहे, पण ख आणि ग ठरले की क एकच उरतो, जो या दोघांपेक्षा वेगळा आहे तो. तोच क दुसऱ्या एप्सिलॉनमध्येही आहे, म्हणजे घ आणि च यांना उरलेले तेच दोन आकडे घ्यावे लागतात. त्याच क्रमाने घेतले तर दोन्ही एप्सिलॉन सारखे, गुणाकार १. उलट्या क्रमाने घेतले तर चिन्हं विरुद्ध, गुणाकार उणे १. उजवीकडे नेमकं हेच लिहिलंय, पहिली टर्म सरळ जोडी, दुसरी उलटी जोडी.

मिळतं काय म्हणतोस ना, तर तुझ्याच मेकॅनिक्सच्या पेपरातलं घे. फिरणाऱ्या रिजिड बॉडीतला एक कण, वस्तुमान म, स्थान र, अँग्युलर वेलॉसिटी ओ. अँग्युलर मोमेंटम ल = म र×(ओ×र). बॅक-कॅब लावून तुला मिळेल म [ ओ (र·र) − र (र·ओ) ], इथपर्यंत बाण पुरतात. आता मला यातून ओ बाहेर काढायचाय, म्हणजे ल म्हणजे काहीतरी गुणिले ओ असं हवंय, आणि बाणांनी ते होत नाही कारण दुसऱ्या टर्ममध्ये ओ डॉटच्या आत अडकलाय. इंडेक्समध्ये लिही:

ल_क = म ( र_ग र_ग ओ_क − र_क र_ख ओ_ख )

पहिल्या टर्ममध्ये ओ_क आहे, दुसरीत ओ_ख. सारखे करायचेत, मग ओ_क च्या जागी डे_कख ओ_ख लिही, काहीच बदललं नाही. आता कॉमन काढ:

ल_क = म ( र_ग र_ग डे_कख − र_क र_ख ) ओ_ख

म सकट कंसातलं जे आहे तेच इनर्शिया टेन्सर. कोणी येऊन व्याख्या सांगितली नाही, तो आपोआप बाहेर पडला, आणि दोन इंडेक्सवाली गोष्ट का लागते हेही कळलं, कारण ल आणि ओ एकाच दिशेला असतीलच असं नाही. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा फार भारी वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

सिव्हिलवाली_कर्वेनगर:

वरचं उत्तर मस्त. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, आमच्याकडे हे नोटेशन इलॅस्टिसिटीमध्ये येतं आणि डे_कक = ३ हा मुद्दा तिकडे थेट आकड्यांत उतरतो म्हणून लिहिते.

आयसोट्रॉपिक मटेरियलसाठी हूकचा नियम एका ओळीत मावतो. स्ट्रेस सि_कख, स्ट्रेन स्ट्रे_कख, आणि लॅम्डा, म्यू ही लामेची दोन कॉन्स्टंट्स:

सि_कख = लॅम्डा डे_कख स्ट्रे_गग + २ म्यू स्ट्रे_कख

आता दोन्हीकडे ख च्या जागी क ठेव. डावीकडे सि_कक, उजवीकडे डे_कक आला, तो ३. म्हणून सि_कक = (३ लॅम्डा + २ म्यू) स्ट्रे_कक, आणि यातून बल्क मॉड्युलस येतो लॅम्डा अधिक दोन तृतीयांश म्यू. डे_कक ला १ समजलास तर बल्क मॉड्युलसच चुकला, मग पुढे मटेरियल किती दबेल त्याचा हिशोबच फसला. अजून एक बघ, ग हा डमी वेगळा ठेवलाय, स्ट्रे_कक लिहिलं असतं तर पहिल्या टर्ममध्ये क तीनदा झाला असता. वरचा नियम इथेच दिसतो.

ही ओळ म्हणजे नऊ समीकरणं आहेत हेही विसरू नको. इक्विलिब्रियमचंही तसंच, ∂_ख म्हणजे ख दिशेचं पार्शियल डेरिव्हेटिव्ह आणि फ_क म्हणजे बॉडी फोर्स घेतला की ∂_ख सि_खक + फ_क = ० म्हणजे तीन समीकरणं, एक्स, वाय, झेड दिशांची, जी डिप्लोमाला आणि बीईला आम्ही लांबच्या लांब लिहायचो.

जनरल हूकचा नियम सि_कख = सी_कखगघ स्ट्रे_गघ असा, चार इंडेक्स, ८१ कंपोनंट. ऐकून घाबरायला होतं. पण स्ट्रेस सिमेट्रिक, स्ट्रेन सिमेट्रिक, म्हणजे कख ची अदलाबदल चालते आणि गघ ची पण, झाले ३६. स्ट्रेन एनर्जी आहे म्हणून पहिली जोडी आणि दुसरी जोडी आपसात बदलता येते, झाले २१. आणि मटेरियल आयसोट्रॉपिक असेल तर राहतात फक्त २, तीच वरची लॅम्डा आणि म्यू. हे सगळं नुसतं इंडेक्सची जागा बदलून मोजता येतं ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

माझं एक आग्रहाचं सांगणं, पहिल्या काही दिवसांत प्रत्येक ओळ एकदा तरी पूर्ण उलगडून लिही, क = १ ठेवून तीन टर्म, सगळं. कंटाळा येतो पण नंतर ओळ बघितली की आतल्या टर्म दिसायला लागतात. आणि सॉफ्टवेअरमध्ये शिरलास तर लक्ष ठेव, तिथे स्ट्रेस-स्ट्रेन सहा-सहाच्या कॉलममध्ये लिहितात, त्याला फॉग्ट नोटेशन म्हणतात, आणि त्यात शिअर स्ट्रेन दुप्पट करून ठेवलेला असतो. टेन्सरचा स्ट्रे_१२ आणि इंजिनिअरिंगचा गॅमा एक नाहीत, गॅमा दुप्पट आहे.

पहिलंवर्ष_पुणे:

ताई आणि दादा दोघांचेही खूप आभार. इनर्शिया टेन्सरचं मी स्वतः वहीत करून बघितलं, डे_कख ओ_ख लिहायची युक्ती कळल्यावर खरंच आपोआप आला. ८१ वरून २१ चंही मोजलं, ६ गुणिले ७ भागिले २ असं येतंय, बरोबर ना?

आता डेल आल्यावर अडचण होतेय. कर्ल ऑफ कर्ल मध्ये ∂_ख कुठेही सरकवता येतो का? आणि कर्ल (अ×ब) मध्ये चार टर्म का येतात, बॅक-कॅबने तर दोनच यायला पाहिजेत?

टेकडीवरून_आकाश:

२१ बरोबर.

डेलचं असं आहे की अ_क, ब_ख हे सगळे साधे आकडे, कुठल्याही क्रमाने लिही काही फरक पडत नाही, म्हणून मॅट्रिक्सच्या गुणाकारातसुद्धा म_कख न_खग आणि न_खग म_कख एकच, क्रम इंडेक्स सांगतात. एप्सिलॉन आणि डेल्टा कॉन्स्टंट आहेत म्हणून ∂ त्यांच्या आरपार सरकतो. पण ∂_ख ला ज्याच्यावर काम करायचंय ते त्याच्या उजवीकडेच राहिलं पाहिजे. अ_ख ∂_ख हा ऑपरेटर, ∂_ख अ_ख हा आकडा. हे दोन मिसळले की संपलं.

कर्ल ऑफ कर्ल: एप्स_कखग ∂_ख एप्स_गघच ∂_घ अ_च. पहिला एप्सिलॉन फिरवून एप्स_गकख कर, चक्राकार फिरवला तर चिन्ह बदलत नाही, मग कॉमन इंडेक्स दोन्हीत पहिला आला आणि सूत्र लागलं: डे_कघ डे_खच − डे_कच डे_खघ. डेल्टा खात जा, उरेल ∂_क (∂_ख अ_ख) − ∂_ख ∂_ख अ_क. व्हॅक्युममध्ये इलेक्ट्रिक फील्डचा डायव्हर्जन्स शून्य म्हणून पहिली टर्म जाते आणि मॅक्सवेलच्या समीकरणांतून वेव्ह इक्वेशन निघतं, ते इथूनच.

कर्ल (अ×ब) मध्ये डेल्टा खाल्ल्यावर उरतं ∂_ख (अ_क ब_ख) − ∂_ख (अ_ख ब_क). आता कंसात दोन फंक्शनं आहेत, प्रॉडक्ट रूल लागणार, दोनाच्या चार टर्म. उलगडून बघ आणि इथे टाक.

आणि हे एक घे, कर्ल ऑफ ग्रॅड शून्य का. एप्स_कखग ∂_ख ∂_ग फ, इथे फ हे कुठलंही स्केलर फंक्शन. ख आणि ग दोघेही डमी, नावांची अदलाबदल कर, किंमत तीच राहणार. पण अदलाबदल केल्यावर एप्सिलॉनचं चिन्ह उलटतं आणि ∂_ख ∂_ग तसेच राहतात. म्हणजे ती गोष्ट स्वतःच्याच उणे इतकी, म्हणून शून्य. सिमेट्रिक गुणिले अँटिसिमेट्रिक दिसलं की लगेच शून्य लिहायचं, ही एकच युक्ती आयुष्यभर पुरते.

निवृत्त_मास्तर:

चौथा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून मी घेतो. भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि हा प्रश्न विद्यार्थी नेहमी सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर तो आधी विचारायला हवा.

बाळा, वर झालेलं सगळं काटकोनी, म्हणजे कार्टेशियन अक्षांसाठी आहे. तिथे इंडेक्स वर लिही का खाली, फरक नाही. फरक कुठे पडतो ते बघ. प्रतलावर पोलर कोऑर्डिनेट्स घे, र आणि थीटा. वेगाचे कंपोनंट र-डॉट आणि थीटा-डॉट. आता वेगाचा वर्ग काढायला दोघांचे वर्ग करून बेरीज कर बघू. र-डॉट मीटर प्रतिसेकंद आहे, थीटा-डॉट रेडियन प्रतिसेकंद, बेरीजच होऊ शकत नाही! खरं उत्तर आहे र-डॉटचा वर्ग अधिक र वर्ग गुणिले थीटा-डॉटचा वर्ग. मधला र वर्ग आणून देतो तो मेट्रिक टेन्सर, ग_कख. म्हणून लिहायचं ग_कख व^क व^ख. कोऑर्डिनेटच्या वाढीतून थेट येणारे कंपोनंट वर, आणि मेट्रिकने गुणून जे मिळतात ते खाली: व_क = ग_कख व^ख. बेरीज नेहमी एक वर आणि एक खाली अशाच जोडीवर करायची.

आता यातली गंमत. व_थीटा म्हणजे र वर्ग गुणिले थीटा-डॉट. याला वस्तुमानाने गुण. ओळख पटली का? तुझ्या मेकॅनिक्सच्या पेपरात लग्रांजियनचं थीटा-डॉटच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेऊन जो कन्जुगेट मोमेंटम काढतोस तो हाच, अँग्युलर मोमेंटम. मोमेंटम स्वभावानेच खालच्या इंडेक्सचा असतो आणि वेग वरच्या. हे मी वर्गात फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करून बघायची.

अशी जोडी का, तर कोऑर्डिनेट्स बदलल्या की वरचे कंपोनंट जेकोबियन मॅट्रिक्सने बदलतात आणि खालचे तिच्या इन्व्हर्सने, दोघांचा गुणाकार करून बेरीज घेतली की दोन्ही मॅट्रिक्स एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर कोऑर्डिनेट्सवर अवलंबून राहत नाही. दोन्ही वर किंवा दोन्ही खाली घेतले तर हे होत नाही. म्हणजे इंडेक्स कुठे आहे ती माहिती आहे, सजावट नव्हे.

इतिहास थोडासा. टेन्सरचं हे गणित रिची आणि त्याचा विद्यार्थी लेव्ही-चिव्हिटा यांनी १९०० साली एका मोठ्या लेखात मांडलं. आइन्स्टाइनला ते त्याचा मित्र मार्सेल ग्रॉसमनने दाखवलं. आणि १९१६ च्या जनरल रिलेटिव्हिटीच्या मोठ्या लेखात आइन्स्टाइनने सांगून टाकलं की एका टर्ममध्ये दोनदा आलेल्या इंडेक्सवर बेरीज गृहीत धरायची. तो लेख एकदा चाळ, त्याने तो नियम का केला हे पान उलटताच कळतं, प्रत्येक ओळीत दोन-दोन तीन-तीन सिग्मा लिहून कोणी ते गणित करूच शकलं नसतं. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ आणि न्यूटनबरोबर त्याचाही पुतळा आहे, कधी गेलास तर बघून ये, विद्यापीठातून चालत जाता येतं.

आकाशच्या उत्तराला एक पुस्ती. ∂_ख ∂_ख अ_क हे कार्टेशियनमध्येच असं सरळ आहे. स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये व्हेक्टरच्या लाप्लासियनचा रेडियल कंपोनंट म्हणजे रेडियल कंपोनंटचा लाप्लासियन नव्हे, जास्तीच्या टर्म येतात, कारण बेसिस व्हेक्टरच जागोजागी वळतात. तिथे साधा ∂ सोडून कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह घ्यावा लागतो. आयडेंटिटी मात्र तीच राहते, ती कुठल्याही कोऑर्डिनेट्समध्ये खरी. म्हणून कार्टेशियनमध्ये सिद्ध करायची आणि व्हेक्टरच्या रूपात परत लिहून ठेवायची.

आणि रिलेटिव्हिटीचं पुस्तक उघडशील तेव्हा आधी मेट्रिकची चिन्हं बघ. काहींत वेळेचं चिन्ह अधिक आणि तीन अवकाशाची उणे असतात, काहींत बरोबर उलटं. अप्पा बळवंत चौकातून दोन जुनी पुस्तकं आणशील आणि दोघांतली चिन्हं जुळत नाहीत म्हणून रात्रभर डोकं धरून बसशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बाणवाला:

मी बारावीच्या मुलांना शिकवतो, माझं थोडं वेगळं मत आहे. हे नोटेशन सिद्धतेला उत्तम, पण चित्र दिसत नाही. ओ×(ओ×र) कुठल्या दिशेला आहे हे इंडेक्समधून कळत नाही, उजव्या हाताने लगेच कळतं की अक्षाकडे आहे. मुलं एप्सिलॉन शिकली की हात वापरायचं सोडतात, आणि मग परीक्षेत चिन्ह चुकलं तरी त्यांना शंकाही येत नाही. दोन्ही ठेवा एवढंच म्हणणं.

निवृत्त_मास्तर:

मान्य, शंभर टक्के. आधी चित्र, मग इंडेक्स, आणि उत्तर आलं की परत चित्राशी ताडून बघणे. तुम्ही दिलेलं उदाहरणच घेऊ. इंडेक्सने येतं ओ_क (ओ_ख र_ख) − ओ_ख ओ_ख र_क. यातला र चा अक्षाच्या दिशेचा भाग कापला जातो आणि उरतो लंब भाग गुणिले उणे ओ वर्ग, म्हणजे अक्षाकडेच. दोन्ही जुळलं.

हिंजवडी_कोडर:

इथे सगळे फिजिक्सवाले दिसतायत, पण हे नोटेशन आम्हीही रोज वापरतो, पायथॉनच्या नंपायमध्ये आयन्सम नावाचं फंक्शनच आहे. स्ट्रिंगमध्ये इंडेक्स लिहायचे, कख, खग, बाण, कग, की मॅट्रिक्सचा गुणाकार. कक, बाण आणि पुढे काही नाही, की ट्रेस. लूप लिहायची गरज नाही आणि ट्रान्सपोज कुठे घेतला ते शोधत बसावं लागत नाही, मला तर चार इंडेक्सच्या ॲरेवर दुसरं काही सुचतच नाही आता.

दोन गोष्टी लक्षात ठेव. एक, बाणाच्या उजवीकडे जो इंडेक्स लिहिलायस त्याच्यावर बेरीज होत नाही, तो दोनदा आला असला तरी, आणि इंडेक्स तीनदा आला तरी फंक्शन तक्रार करत नाही. म्हणजे आइन्स्टाइनच्या नियमापेक्षा हे जास्त सैल आहे. पुष्कळ मॅट्रिक्स एकदम गुणायच्या असतात तेव्हा ते फार कामाचं, पण वर म्हणतात तशी आपोआप तपासणी इथे होणार नाही, ती तुलाच करायची.

दोन, गणिताला क्रमाने फरक पडत नाही पण मशीनला पडतो. म_कख न_खग व_ग घे, १००० बाय १००० च्या मॅट्रिक्स. आधी म आणि न गुणलेस तर १०० कोटी गुणाकार. आधी न आणि व, मग म, तर २० लाख. उत्तर तेच. फंक्शनला ऑप्टिमाइझ चालू करायला सांगितलं की चांगला क्रम ते स्वतः शोधतं.

पहिलंवर्ष_पुणे:

मास्तर, पोलरचं वाचून मेकॅनिक्सची वही परत उघडली आणि पी_थीटा समोरच होता, खूप खूप आभार.

कर्ल (अ×ब) केलं: अ_क ∂_ख ब_ख + ब_ख ∂_ख अ_क − ब_क ∂_ख अ_ख − अ_ख ∂_ख ब_क. प्रत्येक टर्ममध्ये क फ्री, ख डमी, तपासलं. बरोबर आहे का हे आकड्याने कसं बघू?

आणि एक राहिलं. आयगेनव्हॅल्यूच्या चॅप्टरमध्ये म_कख व_ख = लॅम्डा व_क आहे तोवर ठीक, पण मग तीन आयगेनव्हॅल्यू आल्या की लॅम्डा_न व_न असं लिहितात आणि न दोनदा येतो. तिथे बेरीज आहे का नाही?

टेकडीवरून_आकाश:

चारही टर्म बरोबर. तपासायला अ च्या जागी कॉन्स्टंट ओ ठेव आणि ब च्या जागी र, म्हणजे ओ×र, रिजिड बॉडीचा वेग. ∂_ख र_ख म्हणजे डे_खख, ३, म्हणून पहिली टर्म ३ ओ_क. ओ कॉन्स्टंट, दुसरी आणि तिसरी गेली. चौथी उणे ओ_ख डे_खक, म्हणजे उणे ओ_क. एकूण २ ओ_क. फिरणाऱ्या बॉडीच्या वेगाचा कर्ल ओ च्या दुप्पट, हे फ्लुइडच्या पुस्तकात व्हॉर्टिसिटीच्या पहिल्या पानावर सापडेल.

आयगेनव्हॅल्यूवाल्या न वर बेरीज नाही. तो न कंपोनंट सांगत नाही, कितवा आयगेनव्हेक्टर ते सांगतो, नुसतं लेबल. अशी लेबलं कंसात लिहायची, म_कख व(न)_ख = लॅम्डा(न) व(न)_क, आणि शेजारी स्पष्ट लिहायचं की न वर बेरीज नाही. डायगोनल मॅट्रिक्सचंही तेच, ड_क डे_कख मध्ये क दोनदा आहे पण तो डावीकडे ड_कख मध्ये फ्री आहे, तिथेही बेरीज नाही असं लिहून ठेव. चांगली पुस्तकं हे लिहितात. न लिहिणारं पुस्तक हातात आलं तर दुसऱ्या बाजूचे फ्री इंडेक्स मोज, त्यावरून लेखकाला काय म्हणायचंय ते कळतं.